नकलेचे दुप्पट गुण

मत्सर पोटात होतो की डोक्यात, याबद्दल वैद्यांचं काय मत असेल ते असो. प्रणेशला तो मोबाइलमधून झाला. चैत्रातली दुपार होती. औरादच्या शिवारात मुलींच्या वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं आणि कंपनीच्या ग्रुपवर मैत्रेयीनं एक फोटो टाकला होता. फोटोत दुसरं तिसरं काही नव्हतं, नुसता काँक्रीटचा स्लॅब होता. पण काय स्लॅब! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग म्हणून नाही. आणि प्रणेश ज्या स्लॅबवर उभा राहून तो फोटो बघत होता, त्यावर आटलेल्या तळ्याच्या तळाशी उठतं तसं भेगांचं जाळं उठलेलं होतं.

बरं, सबब सांगायलाही जागा नव्हती. औरादचं वसतिगृह प्रणेशकडं आणि आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचं मैत्रेयीकडं. नकाशा एकच, सिमेंट एकच, ऊनही एकच. एका मांडवात लग्न होऊन आलेल्या दोन सुनांसारखी ही दोन बांधकामं. त्यांची तुलना कुणी करू नये म्हटलं तरी होणारच.

त्यात कंपनीनं त्या वर्षी एक नवीन खूळ काढलं होतं. कलबुर्गीच्या ऑफिसात विनीता मॅडम म्हणून मोठ्या साहेब होत्या. बांधकामाच्या धंद्यात माणसं आज्यापणज्यानं केलं तसंच करत राहतात, डोकं कुणी चालवत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. म्हणून त्यांनी जाहीर केलं, की साइटवर जो इंजिनिअर नवी युक्ती काढील त्याला गुण मिळतील, आणि वर्षाअखेर ज्याचे गुण जास्त त्याच्याकडं कलबुर्गीच्या नव्या दवाखान्याचं अख्खं काम जाईल. प्रमुख म्हणून. तिशीच्या आतल्या पोरांना असं काम मिळणं म्हणजे लॉटरीच.

पण युक्ती मोजायची कशी? खडी मोजता येते, सळई मोजता येते, युक्तीला कोणती पट्टी लावणार? मॅडमनी त्यावरही तोड काढली. चांगली वाईट आपण ठरवायचं नाही. दुसऱ्या साइटनं ती उचलली की चांगली समजायची. नुसत्या युक्तीला थोडे गुण. तीच युक्ती दुसऱ्यानं आपल्या कामावर वापरली आणि ‘ही अमक्याची’ असं कळवलं, की गुण दुप्पट, मूळ मालकाला. मॅडमचा हिशेब शहाणपणाचा होता. त्यात फक्त माणसाचा स्वभाव धरायचा राहून गेला होता.

कारण त्या उन्हाळ्यात कंपनीची बाकीची कामं म्हणजे अफजलपूरकडचे कालवे आणि रस्ते. स्लॅब पडायचे ते दोनच ठिकाणी, औराद आणि निंबर्गा. म्हणजे मैत्रेयीचे गुण दुप्पट करायचे तर ते जगात एकट्या प्रणेशच्या हातात होतं. आणि प्रणेशनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की हात तुटला तरी बेहत्तर.

तशी त्याचीही एक युक्ती मॅडमच्या यादीत होती. स्लॅब भरण्याआधी खालच्या शटरिंगच्या फळ्यांवर, वायरींच्या नळ्या जिथून जाणार तिथं गेरूनं रेघ मारायची आणि पाण्याच्या नळ्यांच्या जागी निळीनं. फळ्या काढल्या की रेघा छतावर उमटलेल्या राहतात, आणि पुढं पंखा टांगायला भोक पाडणारा आंधळेपणानं नळी फोडत नाही. युक्ती साधी होती. थोडे गुण मिळाले आणि प्रणेश ती विसरूनही गेला. त्याला आता काहीतरी दणदणीत हवं होतं.

मैत्रेयी आणि तो बीदरच्या कॉलेजात एका वर्गात होते. पहिला नंबर प्रणेशचा, दुसरा तिचा, आणि क्वचित उलटही. प्रणेशचे वडील नरहरराव निवृत्त हेडमास्तर. तिचे वडील माणिकराव निंबर्ग्याजवळ शेती करणारे, बौद्ध दीक्षेनंतरच्या तिसऱ्या पिढीतले. पदवीच्या शेवटच्या वर्षाला ती पहिली आली तेव्हा प्रणेशची आई अन्नपूर्णाबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, “पोरगी हुशार हाय रे, तुझ्यापेक्षा जिद्दीची.” आई हे सहज बोलल्या आणि सहज विसरल्या. मुलाच्या मात्र ते वाक्य काळजात रुतून बसलं. एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी “त्यांचं काय बाबा, त्यांना सगळं सोपं” असं म्हणालं, तेव्हा प्रणेश गप्प बसला. ती खुल्या यादीतून आणि किती मार्कांनी आली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही गप्प बसण्यात आपल्याला बरं वाटलं, हेही ठाऊक होतं. ते आठवलं की त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की तिचा राग जास्तच यायचा.

त्या फोटोनंतर मॅडमनी फर्मान काढलं, की प्रणेशनं निंबर्ग्याला जाऊन पाहून यावं. गेला बिचारा. मैत्रेयीनं हातचं न राखता सगळं दाखवलं. ऊन आणि वारा ओल्या काँक्रीटातलं पाणी पिऊन टाकतात, म्हणून भेगा पडतात, हे पुस्तकात दोघांनीही वाचलेलं. तिनं काय केलं, तर तुरीचं पीक काढल्यावर उरतात त्या तुराट्यांच्या ताट्या बांधून घेतल्या. काही ताट्या वाऱ्याच्या बाजूला उभ्या, काही बुटक्या लाकडी चौकटींवर आडव्या, घोटून झालेल्या काँक्रीटच्या वर वीतभर. खाली सावली, वर ऊन. संध्याकाळी काँक्रीट घट्ट झालं की ओली पोती.

“तुझा दुसरा स्लॅब वैशाखात ना?” तिनं विचारलं. “मग तू बी हेच कर. आमच्याकडं ताट्या पडल्यात, ट्रॅक्टर लावून देते.”

“बघू,” प्रणेश म्हणाला.

“बघू काय? तुझ्या स्लॅबाच्या भेगा दिसायल्यात की फोटोत.”

हे ती खरं म्हणून बोलली. प्रणेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुपारी माणिकरावांनी जेवायला बसवलं, शेंगाची चटणी, कडक भाकरी, वर आग्रह. “लेकरू लांबून आलंय,” म्हणून दही वाढलं. प्रणेशला घास गिळवेना. एवढी साधी युक्ती, आणि ती आपल्याला कशी सुचली नाही? तुराट्या काय औरादेत नव्हत्या? परतीच्या बसमध्ये त्यानं खिडकीबाहेर पाहिलं तर जिकडं तिकडं तुराट्यांचे ढीग. सगळे जणू त्याच्याकडंच बघत होते.

वैशाखात दुसऱ्या स्लॅबची वेळ आली. मिस्त्री तिप्पण्णा कन्नड घरातला, पण मराठी फर्डी. तो म्हणाला, “सर, त्या अक्कानं केलं तसं तुराट्या आनू की. उद्या ढीगभर आनतो.”

“तुराट्या नकोत. कडबा आणा.”

“कडबा? कामून सर?”

“ज्वारीचा कडबा थंड असतो.”

तिप्पण्णानं कडब्याचा थंडपणा जन्मात ऐकला नव्हता. “सर, कडबा म्हंजे चारा हाय, ह्या दिवसांत...” असं तो बोलायला लागला, पण प्रणेशनं त्याच्याकडं असं काही पाहिलं की वाक्य अर्ध्यावरच राहिलं. साहेबाला कडबा थंड लागायलाय तर लागू दे, असं पुटपुटत मिस्त्री गेला.

यातली मेख अशी, की तुराट्या वापरल्या तर ती मैत्रेयीची युक्ती आणि तिचे गुण दुप्पट. कडबा वापरला तर? तर ती प्रणेशची. चौकटी त्याच, वीतभर उंची तीच, वाऱ्याची बाजू तीच. फक्त ताट्या कडब्याच्या. नाव मात्र त्यानं असं दिलं, की ऐकणाऱ्यानं टोपी काढावी: ‘ज्वारी-आच्छादन शीत पद्धत’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! स्लॅब सकाळी भरून झाला, घोटून झाला, कडबा चढला, आणि प्रणेशनं फोटो काढून ग्रुपवर सोडून दिला. मॅडमनी लगेच टाळ्यांची चित्रं पाठवली. मैत्रेयीनं काहीच पाठवलं नाही. ते पाहून कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली, आणि तो गावात जेवायला गेला.

तो औरादच्या बाजाराचा दिवस होता. वैशाखातला बाजार म्हणजे चारही दिशांनी जनावरं येणार. रानात काडी हिरवी नाही, चाऱ्यासाठी माणसं दहा गावं पालथी घालताहेत, आणि अशा दिवसांत ह्या शहाण्यानं रस्त्याला लागून, वर जायला ऐसपैस जिना असलेल्या इमारतीच्या डोक्यावर कडबा पसरून ठेवलेला! मैत्रेयीनं तुराट्या का निवडल्या, हे त्यानं निंबर्ग्याला विचारलंच नव्हतं. शेतकऱ्याच्या लेकीला ते सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं. तुराटी वाळली की नुसतं सरपण. तिला जनावर तोंड लावत नाही. गडी जेवायला खाली सावलीत बसले होते.

प्रणेश परतला तेव्हा स्लॅबवर शेळ्यांचा कळप होता.

शेळी दोन पायांवर उभी राहून बाभूळ ओरबाडते, तिला जिना म्हणजे काय! चौकटी उलथ्यापालथ्या झाल्या होत्या, कडबा विस्कटला होता, आणि नुकतंच आवळू लागलेल्या काँक्रीटवर खुरांची नक्षी उठली होती. एक बोकड मधोमध उभा राहून निवांत चघळत होता. प्रणेश आरडाओरडा करत धावला, तशा शेळ्या उधळल्या आणि होतं नव्हतं तेही तुडवलं. शेळ्यांची मालकीण निलम्मा खालून वर आली ती भांडायच्या तयारीनंच. “माझ्या शेळ्यास्नी मारू नगा हां! चारा हातरून ठेवलाव, मग शेळ्या येनार न्हाईत तर काय पाव्हनं येनार?”

यावर इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

उघड्या पडलेल्या काँक्रीटवर उन्हानं आपलं काम केलं. संध्याकाळपर्यंत खुरांच्या खड्ड्यांमधून भेगाही निघाल्या. प्रणेशनं खड्डे सिमेंटनं बुजवून घेतले, तिप्पण्णाला गप्प राहायला सांगितलं आणि ग्रुपवर सकाळचाच फोटो राहू दिला. हात दाखवून अवलक्षण झालं होतं, पण ते निदान औरादच्या बाहेर गेलं नव्हतं.

वर्षाअखेर कलबुर्गीला बैठक झाली. मैत्रेयी एका टोकाला बसली होती, प्रणेश दुसऱ्या. विनीता मॅडम पडद्यासमोर उभ्या राहिल्या. “मैत्रेयीच्या दोन युक्त्या आहेत, तुराट्यांची तर उत्तम, पण दुसऱ्या साइटनं एकही उचलली नाही. प्रणेशची ज्वारीची पद्धत नवी युक्ती म्हणून धरली आहे. आणि त्याची गेरू-निळीची युक्ती निंबर्ग्याच्या दुसऱ्या स्लॅबला वापरली गेली. मैत्रेयीनं स्वतः तसं कळवलं. त्या गुणांनी प्रणेश पुढं गेला. दवाखान्याचं काम प्रणेशकडं.”

पडद्यावर निंबर्ग्याचं छत आलं. त्यावर लाल आणि निळ्या रेघा होत्या, त्याच्या स्वतःच्या मारलेल्या रेघांपेक्षाही सरळ. टाळ्या झाल्या. लोकांनी पाठ थोपटली. प्रणेश हसला, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आनंद झालेला नाही.

बैठक सुटल्यावर त्यानं तिला गॅलरीत गाठलं.

“माझी युक्ती कामून वापरलीस तू?”

“कामून म्हणजे? पहिल्या स्लॅबाला वायरवाल्यानं नळ्या फोडून ठेवल्या माझ्या. तुझी युक्ती चांगली होती.”

“गुण मला जाणार, हे ठाऊक होतं की तुला.”

“व्हय, होतं.”

“मग कळवलंस कशाला? तुला काहीच वाटलं न्हाई?”

मैत्रेयीनं त्याच्याकडं पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते. “काहीच वाटलं न्हाई? प्रणेश, कॉलेजात तुझा पहिला नंबर आला, की मी घरी जाऊन आईपुढं ताट आपटायची. तुझे अप्पा हेडमास्तर, घरात कपाटभर पुस्तकं, तुला मास्तर नावानं हाक मारायचे. मी तुझ्यावर जेवढी जळलेय ना, तेवढी जगात कुणावर जळले न्हाई. त्या फळ्यांवर गेरू मारताना बी जळायलेच होते. पण म्हणून काय करू? तुझ्यावरच्या रागानं माझ्या पोरींच्या छताला भोकं पाडून घेऊ?”



“आन् कडबा बघितला मी ग्रुपवर,” ती पुढं म्हणाली. “तुराटीला कडबा म्हणलं, की युक्ती तुझी होती व्हय? मॅडमला फोन लावला होता. उचलायच्या आधी मीच तोडला. वाटलं, हा स्वतः सांगंल. येडी हाय मी.” आणि ती पदर सावरत निघून गेली.

प्रणेश कठड्याला धरून उभा राहिला. आजवर त्याला वाटायचं, ही बाई शांत आहे, हिला सगळं आपोआप जमतं, जळणं हे फक्त आपल्या वाट्याला आलेलं. आणि हिच्या पोटात तर तीच आग, तितकीच, कदाचित जास्त. पण तिच्या आगीतून सरळ रेघा निघाल्या आणि आपल्या आगीतून शेळ्या. त्याला तिच्या जळण्याचाही हेवा वाटला.

मग दवाखाना डोळ्यांपुढं आला. रोज सकाळी त्या कामावर जायचं, प्रमुखाच्या खुर्चीत बसायचं, आणि ती खुर्ची मैत्रेयीनं इमानदारीनं कळवल्यामुळं आपल्याखाली आली हे रोज आठवायचं. तिचं देणं आयुष्यभर वागवायचं! छे. तिच्याकडून हरणं परवडलं, तिच्या उपकारानं जिंकणं नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता त्यात. चांगुलपणा असता तर तो वैशाखातच बोलला असता. तो मत्सरच होता, आणि त्या मत्सरानंच त्याला मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत ढकलत नेलं.

“मॅडम, ती ज्वारीची पद्धत माझी नाही. मैत्रेयीच्या तुराट्यांचीच नक्कल आहे. तिला गुण जाऊ नयेत म्हणून कडबा वापरला.”

मॅडमनी चष्मा काढला. “म्हणजे ज्वारीचे तुझे गुण जातात आणि तुराट्यांचे तिचे दुप्पट होतात. दवाखाना तिच्याकडं जातो. कळतंय ना?”

“कळतंय. आणि मॅडम, स्लॅबही बिघडलाय. शेळ्या चढल्या होत्या. खड्डे मी वरून बुजवलेत.”

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. “परवा तपासणीला माणसं पाठवते. वरचा थर फोडून पुन्हा करावा लागेल. वर पोरी झोपणार आहेत, प्रणेश.” एवढंच म्हणून त्यांनी बाहेर निरोप पाठवला, की मैत्रेयीला आत बोलवा.

औरादच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. हुमनाबाद मागं पडलं तेव्हा आईचा फोन आला. “काय झालं रे? कुणाला मिळालं काम?”

“मैत्रेयीला.”

“वाटलंच होतं मला,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “जाऊ दे, तू वाईट वाटून घेऊ नकोस. पोरगी हायच तशी.”

प्रणेशनं तोंड उघडलं. आई, मला मिळालं होतं. टाळ्या झाल्या होत्या माझ्यासाठी. मी जाऊन परत दिलं. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर आईनं कौतुक केलं असतं, अप्पांनाही हाक मारून सांगितलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले. पण ते दिलं म्हणायचं, तर मुळात आपलं कुठं होतं? शेजारचा म्हातारा त्याच्या तोंडाकडं बघायला लागला.

“व्हय,” तो म्हणाला. “लायक हाय ती.”

इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच पार घशापर्यंत जळत गेलं.